लाख्या, पोवळ्या आणि माझा गुडघा

माझ्या बाबूजींना बैलांतलं सगळं कळतं आणि माणसांतलं काहीच कळत नाही, असं आई लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आली तेव्हापासून म्हणत आली. हे सोळा आणे खरं नव्हतं, पण बारा आणे नक्की होतं.

बाबूजी म्हणजे उदाराम टेंभरे. चार बांध्यांची धानाची शेती होती, पण गाव त्यांना बंडीवाला, म्हणजे बैलगाडीवाला, म्हणूनच ओळखायचं. धान मळून झालं की त्यांची बंडी जी जुंपली जायची ती होळीपर्यंत सुटायची नाही. गावातली धानाची पोती गोंदियाच्या राईस मिलमध्ये नेऊन टाकायची, रिकामी बंडी घेऊन यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा आमच्या रस्त्यावर सकाळी सकाळी बंड्यांची रांग लागायची. मिल जवळ आली की उकडलेल्या धानाचा वास यायचा. आता तो रस्ता डांबरी झालाय आणि त्यावर ट्रॅक्टर पळतात, पण त्या वळणावर आले की मला अजूनही तो वास येतो. येत नसेल तरी येतो.

लाख्या आणि पोवळ्या ही बाबूजींची जोडी. लाख्या समजूतदार, पोवळ्या देखणा पण पक्का कामचुकार. बाबूजी दिवसभर त्यांच्याशी बोलत. घरी येईपर्यंत त्यांच्याकडचे शब्द संपलेले असत. मी त्यांची एकुलती एक मुलगी, योगेश्वरी. माझ्या वाट्याला 'हो', 'नाही' आणि 'अंधार पडला, घरात जाय' एवढंच यायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र हाच माणूस ओळखू यायचा नाही. त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घट्टे पडून टणक झालेला असतो. तो कोमट पाण्यानं धुवायचा, त्यावर तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि मग हात जोडून बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण. बाबूजी हे असं म्हणायचे की आपण बाजूला उभं राहून ऐकणंही चोरी वाटावं. मला त्यांनी कधी 'जेवलीस का' विचारलेलं आठवत नाही, आणि बैलांना मात्र आदल्या दिवशी निमंत्रण! मला त्या बैलांचा हेवा वाटायचा, खरं सांगते.

डिसेंबर १९९९ मध्ये मी अकरा वर्षांची होते. शाळा गोंदियाला, बंडीही गोंदियाला, म्हणून मी पोत्यांवर बसून जायचे. मिलच्या फाटकाशी बंडी थांबायच्या आत उडी मारायची माझी खोड होती. बाबूजी रोज ओरडायचे आणि मी रोज मारायचे. त्या दिवशी खाली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, सांडलं होतं. पाय घसरला आणि भरल्या बंडीचं चाक डाव्या गुडघ्याच्या खाली, पायावरून गेलं.

सरकारी दवाखाना तिथून फार लांब नव्हता. पण बाबूजींनी मला उचललं, बंडीत घातलं आणि थेट फुलचूरला केशोरावकडे नेलं. केशोराव हाडं बसवायचा, माणसांची थोडी आणि जनावरांची जास्त. त्याच वर्षी त्यानं पोवळ्याचा निखळलेला पाय बसवून दिला होता, आणि तेव्हापासून बाबूजींचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त भरवसा. त्यांना माहीत असलेल्यांतला जो सगळ्यात चांगला, त्याच्याकडे त्यांनी मला नेलं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. केशोरावनं हळदीचा जाड लेप दिला, बांबूच्या कांब्या लावल्या आणि वरून पट्टी आवळली. चौथ्या दिवशी पायाची बोटं काळी पडली. नागपूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून कापला. ते म्हणाले, पट्टी इतकी घट्ट होती की खाली रक्तच गेलं नाही. गावानं मात्र निकाल दिला, 'उदारामच्या पोरीले हळद बाधली.' हळदीचा बिचारीचा काही दोष नव्हता, पण गावाचं तोंड कोण धरणार?

बाबूजींनी घरात एवढंच सांगून टाकलं की आता पोरीची शाळा सुटणार नाही.

पहिला पाय मला एका शिबिरात मिळाला. त्याला गुडघा होता म्हणायचा, पण तो चालताना वाकायचा नाही. बसायचं असलं की बाजूची कडी ओढायची, खट् आवाज व्हायचा आणि मग तो दुमडायचा. उभं राहिलं की पुन्हा ताठ. चालताना तो अख्खा पाय बाजूनं गोल फिरवून पुढे आणावा लागायचा. वर्गात कडी ओढायला विसरले की पाय बाकाबाहेर आडवा, आणि त्याला अडखळून पडणाऱ्या पोरींच्या शिव्या मला. शिवाय मी वाढत होते आणि पाय वाढत नव्हता. सहा महिन्यांत तो बोटभर आखूड पडायचा आणि मी एका बाजूला कलंडून चालायचे.

२००२ साली नागपूरच्या एका संस्थेत वाढत्या वयाच्या मुलांसाठी नव्या तऱ्हेचा गुडघा आल्याचं कळलं. आम्ही गेलो. तिथले घनश्यामभाऊ पाय बसवण्याचं काम करायचे. त्यांनी तो गुडघा हातात धरून आम्हाला समजावला. अंगाचं वजन पडलं की आतली दोन पाती एकमेकींना घट्ट धरतात आणि गुडघा जागच्या जागी अडकतो. वजन उचललं की पाती सुटतात आणि तो आपोआप वाकतो. आत बोटाएवढा हवेचा पंप, त्यामुळे पाय झोकात पुढे येतो. मधली नळी बदलली की उंचीही वाढवता येते, म्हणजे माझ्याबरोबर पायही मोठा होणार.

दोन लाकडी दांड्यांच्या मधून मी त्यावर पहिल्यांदा चालले तेव्हा सहाव्या पावलाला थांबले. तीन वर्षांनी माझा गुडघा चालता चालता वाकला होता. मी मागे वळून बाबूजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, गुडघ्याकडे पाहत होते, बैलबाजारात नवा बैल पाहावा तसे, मान तिरकी करून.

पण तो गुडघा आमचा नव्हता. संस्थेकडे असे मोजकेच होते आणि रांगेत मुलं पुष्कळ. तिथल्या मॅडमनी अट घातली. एक वर्ष वापरायचा, मग दाखवायला आणायचा. नीट सांभाळलेला दिसला तर वाढ पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे राहील, नाहीतर तो पुढच्या मुलाला जाईल. घनश्यामभाऊंनी बाबूजींना तीनदा बजावलं, "काका, याला पाणी लावायचं नाही, माती लावायची नाही आणि तेल तर बिलकुल लावायचं नाही. समझे ना?"

"समजलो जी," बाबूजी म्हणाले.

त्या वर्षाबद्दल मी काय सांगू? शाळेला मी धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून, त्या अरुंद बांधांवरून, चालत गेले. माझी शाळा जुनी, दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. ताठ पायानं त्या चढणं मला जमलंच नसतं. नव्या गुडघ्यानं मी कठडा धरून चढू लागले. गुडघा परत गेला असता तर माझी दहावी खालीच राहिली असती, हे मला ठाऊक होतं आणि बाबूजींनाही.

बाबूजींचा जीव मात्र त्या गुडघ्यात अडकला. बंडीच्या आखाला वंगण घालण्यात जन्म गेलेला माणूस. जे फिरतं त्याला काहीतरी लावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मी पाय काढून ठेवला की ते जवळ बसून गुडघा हळूच वाकवून पाहायचे, कान लावायचे. "कोरडा चालून रायला बिचारा," म्हणायचे. आई डोळे वटारायची. "तेल लावू नोको म्हनलं ना त्यायनं?" "कुठं लावून रायलो मी?" असं म्हणत ते उठून गोठ्याकडे जायचे.

वर्ष भरत आलं. नागपूरची तारीख पोळ्याच्या दोन दिवसांनंतरची मिळाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझी मांडी सोलवटली होती म्हणून पाय काढून मी आत पडले होते. गोठ्यातून खांदशेकणीचा आवाज येत होता, तुपाचा वास येत होता. मी डोळे मिटून घेतले. सकाळी पाय नेहमीच्या जागी, भिंतीला टेकवलेला होता. घाईत बांधला, वर सलवार चढवली आणि मैत्रिणींबरोबर पोळा पाहायला निघाले.

दुपारी तोरणाखाली सगळ्या गावाच्या जोड्या उभ्या. लाख्याच्या शिंगांना बेगड, पोवळ्याच्या पाठीवर नवी झूल. मी पुढे जायला म्हणून डाव्या पायावर वजन टाकलं आणि गुडघा अडकलाच नाही. तो सरळ दुमडला. सगळ्या गावापुढे मी तोंडावर आपटले, लाख्याच्या पुढच्या खुरांपासून हातभर अंतरावर. बायका ओरडल्या. लाख्या जागचा हलला नाही. बाबूजी धावत आले, मला उचलायला लागले. मी सलवार वर करून पाहिलं. गुडघ्याच्या सांध्यातून पिवळं तूप ओघळत होतं.

"बाबूजी, काय लावलं तुम्ही याले?"

ते गोंधळले. "तेल नाही लावलो वो. तूप होतं. घरचं."

त्यांनी घनश्यामभाऊंचा शब्द अक्षरशः पाळला होता. तेलाचा थेंब लावला नव्हता. जिथं पाती एकमेकींना घट्ट धरायची, नेमकं तिथं त्यांनी वर्षभर राबलेल्या खांद्याला लावतात तसं घरचं तूप आणि हळद बोटानं आतपर्यंत भरली होती. आज मला यावर हसू येतं. त्या दिवशी माझ्या कोपरातून रक्त येत होतं, गाव पाहत होतं आणि परवा नागपूर होतं. मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "एक पाय तुमच्या हळदीनं खाल्ला, आता हाबी खाल्ला! तुमाले पोरगी नोकोच होती. बैलच पायजे होता!"

बाबूजींनी माझ्या दंडाखालचा हात काढला नाही. मला उभं केलं, बाजूला बसवलं आणि पोळा फुटून बाकीच्या जोड्या सुटायच्या आत आपली जोडी घेऊन घरी निघून गेले.

नागपूरच्या गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मी जुन्या ताठ पायावर, आणि नवा पाय बाबूजींच्या मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेला. तिरोडा गेलं, तुमसर गेलं, भंडारा गेलं. मी मनात ठरवून ठेवलं होतं. मॅडमनी विचारलं की सरळ सांगायचं, मी नाही, यांनी केलं.

घनश्यामभाऊंनी गुडघा उघडला आणि खोलीभर पोळ्याचा वास सुटला. मॅडमनी चष्मा काढला. "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आधीच बाबूजी उभे राहिले. "मी केलो जी. पोरीले काही मालूम नाही. हे झोपली होती. मले शिक्षा करा, पर गुडघा तिचा नोको घेऊ. तिची शाळा वरच्या माळ्यावर आहे." एवढं सलग बोलताना मी त्यांना माणसांपुढे तोपर्यंत पाहिलं नव्हतं. हात जोडलेले होते, बैलांपुढे जोडतात तसेच.

घनश्यामभाऊ पात्यांवरची हळद कपड्यानं पुसत म्हणाले, "मॅडम, बाकी सांभाळलाय मस्त. एक खरोंच नाही." मॅडमनी पाती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, पाती बदलावी लागतील, सामान बाहेरून येईल, दोन महिने लागतील. तोवर मुलीनं जुना पाय वापरावा. गुडघा परत द्यायचा की नाही ते तेव्हा बघू.

जुना पाय आता दीड इंच आखूड पडत होता. बाबूजींनी ट्रॅक्टरच्या फाटक्या टायरचा तुकडा कापून त्याच्या तळाला ठोकून दिला. राहिल्या बावीस पायऱ्या. पहिल्या दिवशी शाळेत ते माझ्याबरोबर आले आणि जिन्यापाशी पाठ करून खाली बसले. मी पंधरा वर्षांची होते. सगळी शाळा बघत होती. मी म्हटलं, "काऊन बसले? उठा ना." ते उठले नाहीत. शेवटी मी पाठीवर बसले. क्विंटलाची पोती वाहिलेली पाठ ती, माझं ओझं त्यांना जाणवलंही नसेल. दोन महिने ते रोज सकाळी मला वर पोचवायचे आणि शाळा सुटली की खाली आणायचे. मधल्या वेळात फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसून राहायचे. त्या दोन महिन्यांत लाख्या-पोवळ्याला गावातलाच भोजराज चारापाणी करायचा. मी रोज त्यांच्या पाठीवर बसून ठरवायचे, आज म्हणू या की मी चुकले. बावीस पायऱ्या संपायच्या आणि मी वर्गात जायचे.

त्याच दिवसांत एकदा आई तांदूळ निवडता निवडता सहज बोलून गेली, "त्या दिवशी तुझ्या पायालेबी आवतन देल्लं त्यायनं. लाख्या, पोवळ्या अन् मधात तुझा पाय उभा केला होता. हात जोडून म्हने, उद्या जेवाले या." चुलीतला धूर डोळ्यात गेला असं दाखवून बाहेर गेले.

गुडघा परत मिळाला. मॅडमनी कागदावर सही करून दिली की वाढ पूर्ण होईपर्यंत तो माझाच. दहावी झाली, बारावी झाली. पुढे अंगाची वाढ थांबल्यावर मोठ्या माणसाचा, आत तेलाचा पंप असलेला गुडघा बसला. 'आतच तेल आहे काका, बाहेरून लावू नका,' असं घनश्यामभाऊंनी हसत सांगितलं तेव्हा बाबूजीही थोडे हसले. मला पोस्टात नोकरी लागली, नवेगाव बांधच्या बाजूला. तळ्याकाठच्या वस्तीत मी पायी टपाल नेऊ लागले.

बाबूजींनी मात्र त्या पोळ्यानंतर हळदीला हात लावला नाही. खांदशेकणी आई करायची आणि ते दूर उभे राहायचे. मला खरचटलं, खोकला झाला, तरी हळदीचा डबा आईनंच काढायचा. मग ट्रॅक्टर वाढले, मिलवाले बंडीचं धान घेईनासे झाले. २००८ मध्ये पोवळ्या गेला आणि त्यामागून वर्षभरात लाख्याही. बंडी गोठ्यात उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. मी तोरणाखालचं ते वाक्य मागे घेतलं नाही आणि त्यांनी त्याची आठवण काढली नाही. घरात दोघांनी एकाच जागी ठेवलेल्या वस्तूसारखं ते राहिलं.

२०१३ च्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं. नवरा, धनेंद्र, माझ्याच खात्यातला. हळदीच्या दिवशी मांडवात मला पाटावर बसवलं. पाय काढून ठेवला होता. बाबूजींनी तो सकाळीच प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. हळदीचा एक शिंतोडा त्यावर उडायला नको म्हणून ही तजवीज. बायका हसून हसून बेजार झाल्या.

आईनं हळद लावली, मामीनं लावली, पाच सवाष्णी झाल्या. मग घरच्या पुरुषांची पाळी आली आणि बाबूजी दिसेनात. पाहिलं तर गोठ्याच्या दारात, बंडीच्या चाकाला टेकून उभे होते. मी हाक मारली. ते आले, पण मांडवाच्या खांबापाशी थांबले.

"हळद लावा ना, बाबूजी."

"नोको. माझ्या हातची हळद तुले फळत नाही."

दहा वर्षं त्यांनी माझं पोळ्यातलं ते वाक्य जसंच्या तसं सांभाळलं होतं, गुडघ्याला सांभाळलं तसंच, एक ओरखडा न पडू देता. मी म्हटलं, "मी तवा चुकीचं बोलली होती, बाबूजी. दहा वर्षं झाले, रोज म्हणीन म्हणीन करत राहून गेलं. तुमच्या हळदीनं माझं काही नाही खाल्लं." मग मी पातळ थोडं बाजूला केलं. माझ्या डाव्या मांडीच्या टोकाला, जिथं नकली पायाची वाटी रोज रुतते, तिथं कातडी काळी पडून टणक झालेली आहे. "हे पाहा. जू इथं टेकते. तेरा वर्षं ओढून रायलं बिचारं. याले शेका."

ते खाली बसले. आईनं वाटी पुढे केली. हळदीत तूप घातलेलं नव्हतं, तर तेच म्हणाले, "थोडं तूप आन वो. घरचं." मग त्यांनी तळहात त्या टणक जागेवर ठेवला आणि हळूहळू चोळायला लागले, ज्या हातानं लाख्याचा खांदा चोळायचे त्याच हातानं. मी लहानपणी ज्याचा हेवा केला होता तो हात असा असतो, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. जाडाभरडा आणि गरम.

चोळून झाल्यावर त्यांनी हात जोडले.

"आज आवतन घे, माय. उद्या जेवाले ये."

उद्या तर मी सासरी निघणार होते. दोघांनाही ते माहीत होतं.

"येईन, बाबूजी," मी म्हटलं.